नानांची शिट्टी आणि दादाचा नऊ नंबर

नाना, तुमचा विश्वास बसणार नाही, पण आपला दादा या वयात इंग्लंडच्या फुटबॉलवरून घर डोक्यावर घेतो. गेल्या शनिवारी त्याचा नऊ नंबर विसाव्या मिनिटाला लंगडत मैदानाबाहेर गेला आणि आपल्या घरात जो गोंधळ सुरू झाला, तो रविवारी दुपारी भरिताची वांगी भाजून होईपर्यंत चालला. त्या वांग्यांपाशी बसून दादा मला एक वाक्य बोलला. ते तुम्हाला सांगायचं म्हणून लिहायला बसले आहे. सहामाहीचे पेपर तपासायचे पडले आहेत, ते पडू देत. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. तुम्हाला सांगायचं बरंच काही राहून गेलं असं मला उठताबसता वाटतं, असंही नाही. बहुतेक सगळं सांगून झालेलं आहे. एक तेवढं राहिलं.

आधी हा खेळ समजून घ्या, नाहीतर म्हणाल पोरगी काय बरळते आहे. दादाच्या मुलीने, म्हणजे पुण्यात नोकरीला असलेल्या तुमच्या नातीने, मागच्या वर्षी आम्हा सगळ्यांच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. तिकडच्या लीगमधले खरे खेळाडू निवडून प्रत्येकाने आपापली टीम करायची. तिकडे त्याने गोल मारला की इकडे आपल्याला गुण. एकाला कॅप्टन करायचं, त्याचे गुण दुप्पट. शनिवारी पहिली मॅच सुरू व्हायच्या आत टीम पक्की करायची, नंतर हात लावता येत नाही. आम्ही पाच जण खेळतो: दादा, वहिनी, तुमची नात, मी आणि आमचे हे, ज्यांना ऑफसाइड अजून समजलेला नाही आणि समजून घ्यायची इच्छाही नाही. आठवड्यात जो शेवटचा येईल त्याने पुढच्या भरिताची गरम वांगी सोलायची, असा नियम आहे. वहिनीने हंगामाच्या सुरुवातीला एकदा टीम केली आणि तिला पुन्हा हात म्हणून लावला नाही. मांडलेला संसार कुणी दर आठवड्याला बदलतं का, असं ती विचारते, आणि बऱ्याचदा पहिली येते. दादा मात्र आठवडाभर अभ्यास करतो, चारचौघांना फोन करतो आणि तरी वांगी सोलतो. या गोष्टीचा त्याला जो काही जळफळाट होतो, तो बघायला तुम्ही हवे होतात.

तुमच्यासारखाच तोही खेळाडूंना नावाने ओळखत नाही. लाल शर्टवाल्यांचा नऊ नंबर, निळ्यांचा अकरा नंबर, असं चालतं. तुमचं तर घरातही तेच होतं. आईला तुम्ही एक नंबर, म्हणजे गोलकीपर म्हणायचात, कारण तिच्यामागे काही जात नाही. आणि मी या आमच्या लीगची पंच आहे, कारण तुमची पितळी शिट्टी माझ्याकडे आहे. शनिवारी वेळ संपली की मी धुळ्याच्या आमच्या गच्चीवर जाते, शिट्टी वाजवते आणि तो आवाज आमच्या ग्रुपवर पाठवते. सुरुवातीला शेजारच्या काकू दचकून बाहेर यायच्या. आता नुसतं घड्याळ बघतात.

तर शनिवारी सकाळी शाळेतून आल्यावर मी बातमी वाचली की दादाचा नऊ नंबर सरावात लंगडताना दिसला. दादाने त्यालाच कॅप्टन केलं होतं. खरं तर फोन उचलून सांगायचं, एवढंच काम. पण मी फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात बराच वेळ उभी राहिले. नऊ नंबर, दुखावलेला पाय आणि सांगायचं की नाही, हे तीन एकत्र आले की मी धुळ्यात राहत नाही. मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये जाते आणि तेरा वर्षांची होते.

रविवार आहे. संध्याकाळी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या मैदानावर फायनल आहे, आणि ती बघायला स्पोर्ट्स कोट्याचे साहेब येणार आहेत. ज्याचा खेळ त्यांना आवडेल त्याला रेल्वेत नोकरी. दादा एकोणीस वर्षांचा, कॉलनीच्या टीमचा नऊ नंबर, आणि सगळी कॉलनी धरून चालली आहे की त्याचं झालंच. तुम्ही टीमचे निवडणारे. इंजिनांच्या शेडमधली ड्यूटी संपवून रोज मैदानावर शिट्टी घेऊन उभे राहणारे. गुरुवारी सरावात दादाचा डावा घोटा मुरगळला आणि त्याने ते कुणालाही कळू दिलं नाही. आई बाजारात गेली की तो तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधायचा आणि न्हाणीत बसून शेकायचा. मी पाहिलं. कुणाला सांगितलंस तर बघ, असं त्याने मला बजावलं. आणि रविवारी सकाळी, तुम्ही चुलीपुढच्या पाटावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खात असताना, मी तुम्हाला सांगितलं. तुमचा हात थांबला. कोणता पाय, एवढंच तुम्ही विचारलंत. डावा, मी म्हणाले. तुम्ही भाकरी पूर्ण खाल्लीत, हात धुतलेत, आणि इन्स्टिट्यूटच्या फळ्यावर खडूने टीम लिहायला निघून गेलात. नऊ नंबरपुढे दुसऱ्याच मुलाचं नाव होतं.

दादा फळा वाचून घरी आला तो चेहरा मला अजून दिसतो. कोणी सांगितलं, असं त्याने तुम्हाला तीनदा विचारलं. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. "मले डोये हायेत," म्हणालात. "पाय तुह्या हाये, पन टीम सगळ्याची हाये." आपण एक-शून्यने हरलो. साहेबांनी दोन मुलं निवडली, दोन्ही समोरच्या टीमची. दादा तीन महिने तुमच्याशी बोलला नाही. पुढच्या वर्षी तो रावेरकडे आपल्या गावी काकांच्या केळीत गेला तो तिथलाच झाला. नंतर तुमचं दोघांचं गोडीत आलं. निवृत्त झाल्यावर तुम्ही त्याच्याच बागेत दिवसभर ठिबकच्या नळ्या तपासत फिरायचात. पण तुम्हाला कोणी सांगितलं हे तुम्ही त्याला शेवटपर्यंत कळू दिलं नाहीत. आणि मीही नाही.

त्या सोमवारी शेडमधून आल्यावर तुम्ही राखेने हाताचं ग्रीस काढलंत, खिशातून शिट्टी काढलीत आणि माझ्या हातावर ठेवलीत. आपल्या माणसाचं खरं सांगायला जिगर लागते, असं तुम्ही आपल्या बोलीत म्हणालात. आयुष्यात तुम्ही मला दिलेली शाबासकी ती एवढीच. मी ती शिट्टी फ्रॉकच्या खिशात घेऊन फिरत होते आणि दादा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

शनिवारी शेवटी मी दादाला फोन केला. त्याच्याकडे केळीची गाडी भरणं चालू होतं, मागे माणसांची आरडाओरड ऐकू येत होती. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, अकरा नंबरला कॅप्टन करतो. ग्रुपवरही लिहिलं: कॅप्टन बदलला, अकरा नंबर. त्यानंतर वेळ झाली, मी गच्चीवर जाऊन शिट्टी वाजवली. संध्याकाळी त्याचा नऊ नंबर वीस मिनिटांत बाहेर पडला आणि अकरा नंबरने तीन गोल मारले. दादाने ग्रुपवर पेढ्यांचे फोटो टाकले. तेवढ्यात त्याच्या मुलीने ॲप उघडून दाखवलं की पप्पा, तुमचा कॅप्टन तर नऊ नंबरच आहे. दादाने ॲपला हातच लावला नव्हता.

तो विसरला नव्हता, नाना, हे मला लगेच समजलं. केळीचा सौदा फोनवर बोलला की बोलला. व्यापाऱ्याला शब्द दिला की दुसऱ्या दिवशी माणसं कापणीला हजर. तीस-पस्तीस वर्षं दादाने असाच धंदा केला आहे. ग्रुपवर सांगितलं म्हणजे झालं, त्यावर परत बटण कशाला दाबायचं, हे त्याच्या मनातही आलं नाही. मग जुंपली. मुलीचं म्हणणं, ॲप दाखवेल तेच गुण. दादाचं म्हणणं, शिट्टीच्या आधी शब्द दिला, मग तो शब्द फिरवणारं हे ॲप कोण? मुलीने नियम पाठवले, दादाने तिच्या आजोबांची आठवण काढली, वहिनी नुसते हसरे चेहरे पाठवत राहिली, कारण काहीही झालं तरी पहिली तीच येत होती. सरतेशेवटी दोघांनी एकच विचारलं, पंच काय म्हणतात? मी लिहिलं, उद्या घरी येते, तिथे सांगते.

रविवारी आम्ही दादाकडे जायला गाडी काढली. हे शांतपणे गाडी चालवत होते आणि मी धरणगाव मागे पडेपर्यंत ते ॲप उघडत आणि मिटत होते. तुम्हाला हसू येईल, पन्नाशीला टेकलेली बाई, गणित शिकवणारी, आणि मोबाइलवरच्या गुणांसाठी जीव टांगणीला. पण मला ते गुण दादाला द्यायचे होते. एकदा मी त्याच्याकडून एक मॅच काढून घेतली होती. आता दुसऱ्यांदा त्याच्याच नऊ नंबरवरून त्याच्या विरुद्ध निकाल द्यायचा, हे जिवावर आलं होतं. भुसावळला शेडच्या बाजूने जाताना तुम्ही पंच म्हणून काय करायचात ते आठवलं. दोन्ही कॅप्टन आपापल्या टीमच्या नावांचा कागद आणून द्यायचे. त्यावर जे नाव ते खरं. तोंडी कुणी काही सांगितलं तर तुम्ही कागद पुढे करायचात. मग काय बोलणार.

अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणं चालू होतं. मी उभ्या उभ्याच निकाल सांगून टाकला. ॲप हाच आपला कागद, दादा शेवटचा. मुलगी पुण्याहून फोनच्या पडद्यावर हजर होती, ती टाळ्या वाजवायला लागली तशी वहिनीने तिला गप्प केलं.  दादा खाली बसला, पाण्याचा तांब्या जवळ ओढला आणि एकेक वांगं सोलायला लागला. बोटं भाजली की पाण्यात बुडवायची, परत साल काढायची. मी त्याच्याशेजारी बसले. वाईट वाटलं का, असं विचारावं म्हणून तोंड उघडणार, तेवढ्यात वर न बघता तो म्हणाला, "त्या वख्ती तू नानाले सांगतलं होतं. आता मले सांगतलं. चांगलं केलं."

 तुला कधीपासून माहीत आहे, एवढं मी विचारलं. "शिट्टी तुले भेटली तव्हाच समजलं," तो म्हणाला. "नाना फुकट कोनाले काई देत होते का?" म्हणजे इतकी वर्षं. माझ्या लग्नात, तुमच्या आजारपणात, दर दिवाळीला ओवाळताना, सगळा वेळ त्याला माहीत होतं. मग माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हणाले, तुझी नोकरी गेली माझ्यामुळे. त्यावर त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्या पायाने मी दहा मिनिटंही टिकलो नसतो, म्हणाला, साहेबांसमोर लंगडलो असतो, गावभर हसं झालं असतं. राग होता, नाही असं नाही. नानांवर तीन महिने होता, तुझ्यावर त्याहून जास्त. मग बागेत केळी पहिल्यांदा निसवली, घड बाहेर पडले, तेव्हा विसरून गेलो. एवढं बोलून त्याने वांग्याचा देठ काढला आणि वहिनीला मिरच्या किती घातल्यास म्हणून विचारलं. भरीत झणझणीत झालं होतं. मी चार पुऱ्या जास्त खाल्ल्या. परतताना मला इतकं हलकं वाटत होतं की ह्यांना मी अमळनेर येईपर्यंत ऑफसाइड समजावून सांगत होते.

आता ते राहिलेलं. दादाला वाटतं मी त्याच्या पायासाठी सांगितलं. तुम्हालाही तेच वाटलं आणि म्हणून तुम्ही मला शिट्टी दिलीत. तसं नव्हतं, नाना. रोज सराव संपला की दादा मला गोलपोस्टवर चार किक मारू द्यायचा, त्यासाठी मी तासभर मैदानाबाहेर गेलेले बॉल आणून द्यायची. त्या गुरुवारी, पाय मुरगळायच्या आधी, तो सगळ्या मित्रांसमोर म्हणाला की घरी जा, पोरींचं इथे काय काम. सगळे हसले. तीन दिवस मी धुमसत होते. रविवारी सकाळी तुमच्या पाटापाशी येऊन बसले तेव्हा त्याच्या घोट्याचा विचार माझ्या मनात नव्हता. मला खेळू देत नाहीस ना, मग तूही खेळू नकोस, एवढंच होतं. काळजी नंतर वाटली, तो फळा वाचून आल्यावर. परवा वांगी सोलताना मी हे दादाला सांगू शकले असते. पण तो इतका मजेत होता आणि मीही, की नाही सांगितलं.

पुढच्या शनिवारी शिट्टी मलाच वाजवायची आहे. म्हणून हे पत्र मी तुमच्या फोटोपुढेही ठेवणार नाही, पेपरांच्या गठ्ठ्याखाली सारते आहे. वाचलंत तर तुम्ही ती परत मागाल, आणि मला ती द्यायची नाही.