दुसरी किल्ली

रवि. २ ऑगस्ट १९६४
सकाळी गाडी पुन्हा गायब. दारात नुसता तेलाचा डाग. थोरले अण्णा त्यांच्याजवळची दुसरी किल्ली लावून घेऊन गेले, गावाबाहेर होसकोटेच्या त्यांच्या बागेत. गाडीसाठी कर्ज देणाऱ्याकडे एक किल्ली राहायचीच, ही त्यांच्या धंद्याची रीत म्हणे. सख्ख्या धाकट्या भावाकडून बारा टक्के व्याज घ्यायचं, वर गाडी आपणच हिंडवायची. परत आली तेव्हा मागच्या सीटला शेणखताचा वास.

बुध. ५ ऑगस्ट
समाजाच्या पतपेढीत चौकशी. आठ टक्के! तिथून कर्ज काढून अण्णांचं एकदम फेडायचं. सेक्रेटरी म्हणाले, एक जामीन आणा. व्याज वाचेल ते वाचेल. मला ती किल्ली परत हवी आहे.

मंगळ. ११ ऑगस्ट
तिघांकडे जाऊन आलो. कॉफी तिघांनीही पाजली, सही कोणी करीना. थोरला भाऊ असताना दुसऱ्याने जामीन राहायचं म्हणजे थोरल्याचा अपमान. मामेभाऊ गुंडूने तर हातच जोडले. चुलीत गेला यांचा मान.

सोम. १७ ऑगस्ट
शेवटी नाक मुठीत धरून अण्णांकडेच. अण्णांचं कर्ज फेडायला अण्णांचीच सही! वाटलं, आकांडतांडव करतील. हसले. "सरी, ठीक आहे, तुझं व्याज वाचतंय तर मी कशाला आड येऊ?" सही करून वर वहिनींना बोंडे तळायला सांगितले. चिडले असते तर बरं वाटलं असतं. बोंडे खाल्ले. चांगले होते, त्याचाही राग आला.

शनि. २९ ऑगस्ट
फिटलं अण्णांचं. लगेच किल्ली मागितली.
"तू हप्ता चुकवलास तर पतपेढी मला धरणार. किल्ली नको माझ्याजवळ?"
आजवर नुसते सावकार होते. आता उपकारकर्तेही झाले.

रवि. ३० ऑगस्ट
गेली गाडी.

शुक्र. ४ सप्टें.
ऑफिसातून अर्धी रजा. गाडीची सगळी कुलपं बदलून घेतली. दोन नव्या किल्ल्या. सुमनच्या हातात ठेवल्या, म्हटलं, कोणाकडे बोलायचं नाही. कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.

शनि. ५ सप्टें.
बायकोनेच घात केला. घरात नवं काही आलं की आधी कुलदेवापुढे ठेवायचं, आणि आमचा कुलदेव थोरल्याच्या घरी. दुपारी दोन्ही किल्ल्या घेऊन गेली कुंकू लावायला. आली ती एक घेऊन.
"दुसरी देवाजवळच असू दे म्हणाले अण्णा."
वर म्हणते, "मी कुठे काय बोलले?"
खरंच, बोलली काही नाही. भांडणार तरी कशावरून.
उद्या रविवार. गाडीची बॅटरी काढून पलंगाखाली ठेवली आहे. अण्णा सातला येतात. मी साडेसहापासून खिडकीशी बसणार.