अंजीर जगवण्याचा उद्योग

११ जानेवारी
झाड गेलं! सकाळी दोन माणसं आली, दुपारपर्यंत अंगण बोडकं. मुळं मोरीच्या पाइपात शिरली होती म्हणे. प्लंबरने बाबांना सांगितलं, बाबा म्हणाले, "पाडा." आईला विचारलंच नाही. अंजीर आईने लावलेलं.

मी ढिगाऱ्यातून सहा काड्या उचलल्या, पेन्सिलीएवढ्या जाड. एक तरी जगली पाहिजे. आई बाबांशी बोलत नाहीये. मला म्हणते, "त्यांना सांग, वाढलंय." ते समोरच बसलेले!

१२ जानेवारी
काड्या कुंड्यांत लावल्या. पाट्या रंगवायच्या दुकानात कामाला आहे, तेव्हा प्रत्येक कुंडीला पाटी केली. अंजीर १, अंजीर २ – असं सहापर्यंत. 'जी' दीर्घ. शाळा नववीत सुटली, दीर्घ सुटला नाही. मालक म्हणाला, "गिऱ्हाइकाच्या पाटीला कधी एवढा जीव लावलास का रे?"

१९ जानेवारी
काही नाही. रोज उपटून बघतो, मुळं आली का. धुतो, पुसतो, परत खोचतो.

२२ जानेवारी
एक काडी घेऊन नर्सरीवाल्याकडे गेलो. त्याने ती फिरवून बघितली आणि पोट धरून हसला.
"उलटी लावलीस की! डोळे जमिनीत तोंड करून बसलेत बिचारे."
डोळा म्हणजे अंकुर फुटतो तो उंचवटा. त्याचं टोक वर हवं. मला काय माहीत!
"कापल्यावर चीक वाळू दिलास?" नाही. "खत?" दोन मुठी. "प्लास्टिक?" घट्ट बांधलंय. "मग ती श्वास काय तुझ्या नाकाने घेणार? आणि उपटून बघतोस?" रोज. "तुला रोज कुणी अंथरुणातून ओढून विचारलं, वाढलास का, तर वाढशील?"

घरी येऊन सगळ्या सुलट केल्या. माती बदलली, निम्मी वाळू. प्लास्टिकला भोकं. आता हात लावणार नाही. शपथ!

२३ जानेवारी
हात लावला नाही. फक्त वास घेतला.

४ फेब्रुवारी
तीन कुजल्या. बुडाशी काळ्या, लिबलिबीत. नर्सरीवाला म्हणतो, पाणी जास्त. मी आठवड्यातून एकदा घालतो – चमच्याने! मग कुंडीखालच्या ताटल्या भरलेल्या कशा?

६ फेब्रुवारी
दुकानाला सुट्टी. खिडकीआड दबा धरून बसलो. आधी आई आली. इकडेतिकडे बघून भांडंभर पाणी ओतलं. ती गेली, आणि थोड्या वेळाने बाबा! हातात मग. प्रत्येक कुंडीत ओतत पुटपुटत होते, "जग गं बाई. मला या घरात राहायचंय."

मी ओरडलो, "बुडवताय तुम्ही त्यांना!" बाबांचा मग पडला. आई धावत आली. पडलेला मग बघितला, बाबांकडे बघितलं. बोलली नाही. पण 'त्यांना सांग' असंही म्हणाली नाही.

१६ फेब्रुवारी
आणखी दोन गेल्या. उरली ती अंजीर ४ – आणि तिला पान फुटलं! नर्सरीवाला म्हणतो, "नाचू नकोस. काडीतल्या रसावरही पान फुटतं. मूळ असेल तरच टिकेल." हा माणूस बारशाला जाऊन रडत असणार.

त्याहून मोठी बातमी. आई बाबांशी बोलली! "अहो, ती कुंडी उन्हातून उचला." बाबांनी तान्हं मूल उचलावं तशी उचलली. "इथे?" "जरा आत." "आता?" "एवढी नको!" बराच वेळ हेच. मी तोंडावर हात ठेवून बसलो.

२५ फेब्रुवारी
पान गळलं. बाबा म्हणाले, ऊन वाढलंय. आई म्हणाली, दुसरं येईल. मग कुंडी कुठे ठेवायची यावरून कडाक्याचं भांडण. थेट – मध्ये मी नाही!

१ मार्च
दोघं बाजारात गेलेले. काडीची साल नखाने जराशी खरवडली. आत हिरवं असेल तर जिवंत. आत तपकिरी, कोरडं ठणठणीत.

सालीवर आधीच दोन जागी खरवडलेलं होतं. एक आईच्या नखाएवढं. एक बाबांच्या अंगठ्याएवढं. म्हणजे दोघांनाही माहीत आहे.

संध्याकाळी बाबांनी कुंडी आत घेतली. आई म्हणाली, "सांभाळून."