बेलभंडाऱ्याचं शेत

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मला तुमच्याशी भांडायचंय. विहिरीजवळचं आपलं शेवंतीचं शेत सरकार रस्त्यासाठी घेतंय. विचारलं नाही, नुसतं कळवलं. आणि मला साधं नको म्हणायचीही सोय नाही, ती तुमच्यामुळं.

तो दिवस मला लख्ख आठवतो. शेजारच्या मामांच्या दारापुढं आपलं शेत होतं आणि आपल्या विहिरीला लागून त्यांचं. तुम्ही दोघं खंडोबाच्या देवळात गेलात, बेलभंडारा उचलून शपथ घेतलीत आणि शेतांची अदलाबदल करून मोकळे झालात. ना तलाठी, ना कागद! मी दहावीत होते. चुलीपुढं भाकरी थापता थापता म्हणाले, "आप्पा, सातबाऱ्यावर नाव लावून घ्या की." तुम्ही ताट बाजूला सारलंत. "देवाफुडं बोललोय आमी. कागद मागाया मामा काय चोर हाय व्हय?" मी पुढची भाकरी थापायला घेतली, पुन्हा विषय काढला नाही. का नाही काढला कुणास ठाऊक!

तुमच्या मागं ते शेत मीच कसलं. दसऱ्याला यवतच्या बाजारात आपली शेवंती अजून हातोहात जाते. गेल्या महिन्यात मोजणीवाले आले आणि ऐन कळीवर आलेल्या वाफ्यांत खुणेचे दगड रोवायला लागले. कुणाला विचारून, म्हटलं, तर म्हणे मालकाला नोटीस दिलीय. मालक म्हणजे मामा! संध्याकाळी मामाच ती नोटीस घेऊन आले. "पोरी, शेत तुजं हाय. कुठं बी येऊन सांगतो."

आले की मामा कचेरीत, काठी टेकत. साहेबांनी मान वर न करता मला सांगितलं, "तुमचं नाव नाही, तुमची हरकत घेता येत नाही." मग मामांनी हरकत घेतली. तर त्यांना म्हणाले, "तुम्ही कुठं कसताय? तुमचं काय नुकसान?" मामा बेलभंडाऱ्याचं सांगायला लागले तेव्हा कारकून फिदीफिदी हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, शेजारीण कळशी न्यायची तरी दारात उभी राहून विचारते. रस्ता हवा असेल, नाही म्हणत नाही. पण ज्याची जमीन त्याला विचारायला यांची जीभ झडते का? आणि तुम्ही! मामांवर विश्वास ठेवलात ते बरोबरच, म्हातारा अजून शब्दाला जागतोय. सरकारवर कशाच्या जिवावर ठेवलात?

शेवटी साहेब म्हणाले, ताब्याच्या पंचनाम्यात वहिवाटदार म्हणून तुमचं नाव घालतो, सही करा. वर छापलेलं होतं, जमिनीचा ताबा देण्यास हरकत नाही. मामा म्हणाले, "पोरी, करू नगं."

हे पत्र कुठं पाठवणार? पंचनाम्याच्या झेरॉक्ससोबत तुमच्या फोटोमागं ठेवते. कारण मी सही केली, आप्पा. वरचं सगळं नीट वाचून केली. त्या गट नंबरापुढं माझं नाव, आणि माझ्या नावात तुमचं, पहिल्यांदाच छापून आलं होतं, आणि ते बघून मला बरं वाटलं.