पडून राहिले

बडेबाबू, तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्याहून म्हातारा आहे. तरी तुमच्याशी बोलायला बसलो की पाठ आपोआप ताठ होते. काल नातीने सहज विचारलं, आबा, तुम्ही नागपूरला दवाखान्यात काय करायचात? मी म्हणालो, दुखण्यांना नंबर द्यायचो. ती खो खो हसली. मला हसू आलं नाही, आणि काल दुपारपासून माझं कशातच लक्ष नाही.

तुम्ही दवाखान्याचे हेडक्लार्क आणि मी नवा कारकून, आपली ती रेकॉर्डची खोली अजून दिसते मला. खिडकीला वाळ्याची ताटी, तिच्यावर पाणी मारलं की फायलींनाही वास लागायचा. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत सरकारकडून रोगांच्या यादीचं जाडजूड पुस्तक आलं होतं, आणि डोक्याला मार लागलेल्या माणसाला त्यात दोन नंबर लागायचे. एक काय झालं त्याचा, म्हणजे कवटी फुटली की मेंदूला नुसता हादरा बसला. दुसरा कशाने झालं त्याचा, म्हणजे तो पडला की त्याच्यावर काही पडलं. मी पुण्याकडून आलेला, इंग्रजी चांगलं, अक्षर मोत्यासारखं, आणि त्याचा तोरा नाकावर. तुम्ही डब्यातली पाटवडी माझ्यापुढे सरकवत म्हणायचात, "आधी माणूस काय म्हन्ते ते आयक गा, मंग पुस्तक उघड." मी पाटवडी खायचो आणि बाकीचं सोडून द्यायचो.

मला रुजू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्या दिवशी तुम्ही मला बाहेर जबाब घ्यायला बसवलंत. डॉक्टर मद्रासकडचे, त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून नातेवाईक जे सांगतील ते मी इंग्रजीत कागदावर उतरवायचं आणि ते वाचून डॉक्टरांनी रोगी तपासायचा. एक बाई नवऱ्याला सायकलरिक्षातून घेऊन आली. पाचपावलीचे कोष्टी, पण माग विकून तो लकडगंजला लाकडाच्या वखारीत लागला होता. आदल्या दिवशी बल्ली, म्हणजे लाकडाचा जाड वासा, डोक्यात बसली होती. माणूस शुद्धीवर होता, नाव-गाव नीट सांगत होता. बाई म्हणाली, "सकाळपासून पडून राह्यले जी." मी लिहिलं, सकाळपासून अंथरुणावर पडून आहे. डॉक्टरांनी वाचलं, विश्रांती घेतली आहे, ठीक आहे असं म्हणाले, जखम बांधली, गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याला बेशुद्ध आणला. संध्याकाळी तो गेला.

आठवड्याने ती बाई आपल्या खोलीत आली. दाराशीच बसली. तुम्ही म्हणालात, "आत ये वं बाई." ती म्हणाली, त्या दिवशी सासू आणि दीर गावाला होते, आणि आता दिराने दवाखान्याचा इंग्रजी कागद कुणाकडून तरी वाचून घेतला आहे. "सासू म्हन्ते, पोरगा सकाळपासून खाटेवर पडला होता, तं दवाखान्यात काहून नाही नेलं? तुनंच मारलं त्याले." तुम्ही फाइल काढलीत, माझी ओळ वाचलीत आणि विचारलंत, किती वेळ पडून होता? "पडून नव्हते जी," ती म्हणाली. "पडून राह्यले होते. उठत अन् पडत, उठत अन् पडत. तिसऱ्यांदा पडले तं मी तशीच रिक्षात घातलं त्यायले."

तुमच्याकडे 'जेवून राहिला' म्हणजे जेवतो आहे, तसंच 'पडून राह्यले' म्हणजे सारखे पडताहेत, हे मला तोवर कळलेलं होतं. त्या दिवशी, बाहेर बसलेलो असताना, सुचलं नाही. डोक्याला मार लागलेला माणूस पुन्हा पुन्हा पडतो आहे एवढं वाचलं असतं, तर डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतला असता. जगला असताच असं नाही म्हणत मी. पण ठेवून घेतला असता.

तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, "तुले इंग्रजी येते. मराठी येत नाही." मग हळूच सांगितलंत, "खोडू नको. खाली खरं काय ते लिही, सही कर, अन् त्याची नक्कल बाईले दे. तिच्या घरी दाखवू दे." आणि तुम्ही साहेबांच्या बोलावण्यावर निघून गेलात. खोलीत ती आणि मी. नोकरी कच्ची होती, गावी आई माझ्यावर अवलंबून. मी त्या बाईला म्हणालो, "कागद एकदा झाला की बदलत नाही, बाई." तिने माझ्याकडे पाहिलं, पदर सावरला, "राहू द्या मंग," म्हणाली आणि गेली. परत आल्यावर तुम्ही विचारलंत, लिहिलं का गा? मी हो म्हणालो. तुम्ही मान हलवलीत आणि पुढची फाइल ओढलीत.

तुम्ही गेल्यावर तुमच्या खुर्चीवर मीच बसलो. किल्ल्या हातात आल्या त्या पहिल्याच आठवड्यात मी ती फाइल शोधून काढली. माझ्या ओळीखाली तुमचं बारीक, तिरकं अक्षर होतं: रुग्ण वारंवार पडत होता, पत्नीने त्याला विलंब न करता आणले, आधीची नोंद भाषांतराची चूक. खाली तुमची सही, आणि तारीख ती बाई आपल्या खोलीत आली त्याच दिवसाची. म्हणजे माझं खोटं तुम्हांला संध्याकाळपर्यंत कळलं होतं. त्यानंतर वर्षानुवर्षं तुम्ही माझ्यासमोर डबा उघडलात, माझ्या लग्नाला आलात, माझी नोकरी पक्की करा म्हणून साहेबांकडे शब्द टाकलात. एकदाही बोलला नाहीत. बाईला नक्कल तुम्ही पोचवलीत की नाही, ते विचारायला आता तुम्ही नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही, टेबलाच्या खणात राहील. पण लिहायला बसलो ते एवढ्याचसाठी. ती फाइल वाचून मला आधी लाज वाटली नाही, बडेबाबू. हायसं वाटलं. नोंद दुरुस्त आहे, आपण सुटलो, असं वाटलं. मी फाइल बांधून जागेवर ठेवली. बाई तेव्हा हयात होती, सासूच्याच घरात राहत होती हे मला ऐकून माहीत होतं, आणि पत्ता फाइलवर होता. नक्कल नेऊन द्यायची तर आपल्या दवाखान्यापासून वीस मिनिटांची वाट. मी गेलो नाही.