रस्त्यापलीकडं गेलेली रेंज

६ नोव्हेंबर

वर्ग परत तुटला! मी इकडं पायथागोरस समजावून दमले आणि तिकडं पोरांना माझं नुसतं उघडं तोंड दिसत होतं म्हणे. "मॅडम, तुम्ही अडकल्या." अडकलेच! शाळेची नोकरी सोडून घरून शिकवणी सुरू केली, ती असल्या नेटवर. राउटर खाली टीव्हीमागं, मी वरच्या खोलीत, मध्ये जिना आणि स्लॅब. स्वयंपाकघरात तर मोबाइलवर नुसतं चक्र फिरतं.

दुपारी आदिनाथचा व्हिडिओ कॉल आला, त्याच्यापुढं रडगाणं गायलं. जर्मनीत बसून हसतोय! "आई, तो राउटर मी बारावीला असतानाचा आहे. टाकून दे आता. मी सांगतो कुठला घ्यायचा." सप्टेंबरात गेला शिकायला, तेव्हापासून घरातलं बिघडलेलं सगळं माझ्याच गळ्यात. ह्यांना सांगायला गेले तर, "माझं संविधान दिनाचं व्याख्यान लिहायचंय, नेटचं तू बघ." प्राध्यापक माणूस. रिमोटचे सेल बदलायचे तरी मला हाक मारतात.

९ नोव्हेंबर

नवा राउटर बसला! सांडूभाऊंनी बसवला — पडेगावात आमच्या बाजूला सगळ्यांचं नेट तेच बघतात. चार शिंगांचा आहे. मी म्हणलं, बैलासारखा दिसतो. म्हणाले, "ताई, बैलाला दोनच असतात. हा डबल."

कुठं ठेवायचा यावरून अर्धा तास गेला. त्यांना बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आहे ती फळी पसंत पडली — "इथून घरभर रेंज जाईल." मी नाही म्हणलं. तिथं वायरींचं जंजाळ नको. शेवटी वरच्या खोलीच्या खिडकीत बसवला, रस्त्याच्या बाजूला. सांडूभाऊ म्हणाले, "इथून तर रस्त्यापलीकडं बी जाईल, बघा."

"रस्त्यापलीकडं काय करायचंय?"

"नाय, आपलं सांगितलं."

आदिनाथ कॉलवर होताच. नेटचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवा म्हणाला. "म्हणजे जे आधी जोडलेलं होतं ते आपोआप जोडलं जाईल, आई. नाहीतर टीव्ही, बाबांचा लॅपटॉप, सगळीकडं तूच टाकत बसशील." हुशार आहे पोरगा. माझ्या मोबाइलवर एक ॲपही टाकायला लावलं. नेटला काहीही जोडलं की ते टिंग करतं आणि नाव सांगतं. टीव्ही — टिंग! लॅपटॉप — टिंग! ह्यांचा फोन — टिंग! मी लहान पोरीसारखी खूश.

१० नोव्हेंबर

वर्ग एकदाही तुटला नाही. भाकरी थापता थापता बातम्या ऐकल्या!

११ नोव्हेंबर

नीट लिहिते.

सकाळी हे कॉलेजला गेले. मी पीठ मळत होते. टिंग झालं. पिठाच्या बोटानंच स्क्रीन सरकवली. 'आदिनाथचा फोन' जोडला गेला.

वाचलं. परत वाचलं. हात धुतले, चष्मा लावला, परत वाचलं. आदिनाथचा फोन! आपल्या घराच्या नेटला! आणि आदिनाथ जर्मनीत!

तशीच गेटपर्यंत पळाले. रस्त्यावर भाजीचा गाडा, दोन रिक्षा, समोर दातांच्या दवाखान्यापाशी चार गाड्या लावलेल्या. पोरगा कुठंच नाही. वर गच्चीवर गेले. मागची गल्ली बघितली. वेड्यासारखी हाकसुद्धा मारली — "आदी!" शेजारच्या आशाबाई वळून बघायला लागल्या. "आदिनाथ आला का काय?" त्यांना काय सांगू? कपडे काढायला आले म्हणलं. दोरीवर एक कपडा नव्हता.

दिवसभर तो फोन जोडलेलाच. म्हणजे कुठंतरी इथंच आहे, आणि बसून आहे. अंधार पडायच्या सुमाराला नाव गेलं.

ह्यांना सांगितलं नाही. काय सांगणार?

१२ नोव्हेंबर

आजही. सकाळी आला, संध्याकाळी गेला. नोकरीला यावं तसा.

डोकं चालेना झालंय. परत आला का? आणि घरी यायचं तोंड नाही म्हणून आसपास राहतोय? का गेलाच नव्हता? विमानात बसताना त्याला कुणी बघितलं? आम्ही फक्त स्टेशनपर्यंत गेलो. मुंबईला येतो म्हणलं तर, "नको आई, बाबांचा गुडघा दुखतो, कशाला हाल." तेव्हा किती कौतुक वाटलं होतं!

दुपारी त्याचा कॉल आला. मागं तीच पांढरी भिंत. रोज तीच असते, आजवर कधी खटकली नव्हती. म्हणलं, "खिडकी दाखव रे तुझी."

"कशाला?"

"दाखव ना. बाहेर काय दिसतं बघू दे."

"झाडं आहेत आई, पानं गळालेली. थांब—" म्हणाला आणि चित्र गोठलं. पाच मिनिटांनी मेसेज, नेट गेलं होतं.

कुणाचं? माझं तर आता जात नाही.

१४ नोव्हेंबर

सांडूभाऊंना बोलावलं. पोराचं नाव नाही घेतलं. म्हणलं, अनोळखी फोन दिसतो.

"चुकून दिसू शकतो का हो? लांब गावचा, परदेशातला?"

"नाय ताई. रेंजमध्ये असल्याशिवाय टिंग व्हतच नाय. हितंच हाय कुणीतरी."

मग त्यांनी आपला फोन आमच्या नेटला जोडला आणि चालत निघाले. मी पाठोपाठ, हातात पिशवी, जशी काही बाजारालाच. मागच्या गल्लीत दोन घरांपुढं रेंज तुटली. समोर मात्र रस्ता ओलांडला तरी चालूच! दवाखान्याच्या पायरीवर रेंजची एक कांडी शिल्लक. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात तीही गेली.

"ह्या दवाखान्यापर्यंत, ताई. याच्याम्होरं नाय."

मी दवाखान्याच्या काचेकडं बघत राहिले. सांडूभाऊ म्हणाले, "पासवर्ड बदलून टाकू का? एका मिनटाचं काम."

मी "नको!" अशी ओरडले की बिचारे दचकले.

१५ नोव्हेंबर

अमृता. तिचं नाव अमृता आहे.

मी काय लिहिणार आहे ते मलाच खरं वाटत नाहीये.

टिंग झाल्याबरोबर चप्पल घातली आणि रस्ता ओलांडला. दवाखान्यात दोन पेशंट, दोघंही म्हातारे. आदिनाथ नाही. टेबलामागं एक मुलगी. सावळी, वेणी घातलेली, चोवीसेक वर्षांची असेल. खाली बघूनच म्हणाली, "काय त्रास आहे?"

"दाढ दुखते."

"नाव?"

"सुकेशनी—"

तिचं पेन थांबलं. वर बघितलं, आणि चेहऱ्याचा रंगच उतरला. माझं लक्ष मात्र टेबलावर. फोन पालथा ठेवलेला. मागच्या काचेला कोपऱ्यातून आडवा तडा. तो तडा मी पाडलेला आहे! ओट्यावरून माझ्याच हातानं पडला होता तो फोन.

"हा फोन तुझ्याकडं कसा?"

ती उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "आई—"

आई! मला!

ती भराभरा बोलायला लागली. "माझा फोन बंद पडला होता, जाताना आदीनं त्याचा दिला. आम्ही जूनमध्ये रजिस्टर लग्न केलंय. आदी म्हणाला, शिक्षण होऊ दे, नोकरी लागू दे, मग मीच घरी सांगतो."

म्हणजे आदिनाथ जर्मनीतच आहे. खरंच आहे! क्षणभर इतकं हायसं वाटलं की रडूच येणार होतं. आणि मग तिचं बाकीचं वाक्य डोक्यात शिरलं. लग्न!

माझ्या तोंडून काय बाहेर पडावं? "गाव कुठलं तुझं? कुणातली तू?"

"खुलताबादच्या पुढं वाडी आहे आमची. आम्ही धनगर. वडील बिरूराव. मेंढरं आहेत, थोडी शेती."

"आणि इथंच कशी आलीस, बरोबर आमच्या समोर?"

मान खाली घालून म्हणाली, "इथून तुमचं घर दिसतं. तुम्ही वर कपडे वाळत घालता. बाबा गाडी लावताना दोनदा कुलूप तपासतात. कधीतरी राहायचंच आहे तिथं, म्हणून... बघत होते."

तेवढ्यात डॉक्टरांनी आत बोलावलं. नाही कसं म्हणणार? जाऊन खुर्चीवर आडवी झाले, आ केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डॉक्टर घाबरले, "एवढं दुखतंय?" मग म्हणाले, दाढेला काहीच झालेलं नाही.

१६ नोव्हेंबर

ह्यांना सांगितलं. व्याख्यानाचे कागद मांडीवर होते. विषय — जात आणि विवाह.

पहिला शब्द काय? "कुणातली?"

सांगितलं. उठून खिडकीपाशी गेले, समोरच्या दवाखान्याकडं बघितलं. रविवार, बंद होता. "नांदेडच्या त्या इंजिनिअर मुलीच्या लोकांना काय सांगू मी आता? शब्द दिल्यासारखाच होता." मग एकदम, "तिच्या घरच्यांना माहीत आहे?"

"नसणारच. नाहीतर पोरगी अशी लपून राहिली असती?"

ते माझ्यासमोर येऊन बसले. "सुकेशनी, रोज पेपरात वाचतो आपण. पोराला मारलं, पोरीला मारलं. ती रानातली माणसं. कळलं तर सोडतील का?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

आदिनाथला कॉल लावला. माझा चेहरा बघूनच त्याला कळलं. "आई, सांगणार होतो गं."

"कधी? नातवंडं झाल्यावर?"

वर म्हणलं, "तिच्या बापाला कळलं तर काय होईल, विचार केलास?"

"मामांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, मी बघतो आई. तू बाबांचं बघ." आणि उठून फोन खिडकीशी नेला. पानं गळालेली झाडं होती खरंच. मला ती आता बघायचीच नव्हती.

१८ नोव्हेंबर

अमृता जेवायच्या सुट्टीत घरी आली. मीच बोलावलं. चार खोल्यांच्या घरात दबकत चालली, जशी काही कुणाची झोप मोडेल. मेथीची भाजी वाढली. म्हणाली, "आदी सांगायचा, तुमच्या हातची मेथी." मी आणखी एक पळी वाढली.

पोरगी वाईट नाही. हे वाक्य लिहून बघितलं. वाईट कशाला असेल?

हे आले, तिला बघितलं, "बस, बस" म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. ती जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

१९ नोव्हेंबर

फोन आला. अनोळखी नंबर, जड आवाज.

"अमृताचा बाप बोलतोय. बिरू. रविवारी येतो तुमच्याकडं." आणि ठेवला!

पळत दवाखान्यात गेले. "त्यांना कसं कळलं?"

"मीच सांगितलं," अमृता म्हणाली. "तुम्हाला कळल्यावर आता लपवायचं काय राहिलं, आई?"

एवढी शिकलेली मुलगी, आणि इतकी भोळी! तिचा हात धरून म्हणलं, रविवारी मैत्रिणीकडं जाऊन राहा, इकडं फिरकू नको. ती माझ्याकडं बघतच राहिली. काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात पेशंट आला.

२२ नोव्हेंबर

ह्यांनी गल्लीतल्या वकिलांना सांगून ठेवलंय, उद्या घरीच थांबा, हाक मारली की या. मला म्हणाले, तू वरच थांब. मी म्हणलं, मी खालीच असणार. काय व्हायचं ते दोघांचं होऊ दे.

व्याख्यानाचे कागद चार दिवस झाले तिथंच पडलेत.

२३ नोव्हेंबर

बिरूराव आले. एकटे नाही, अमृताची आई आक्काबाई सोबत. हातात काठी नाही, पेरूंची पिशवी. ह्यांनी सकाळीच गेटला कुलूप घातलं होतं. आतूनच म्हणाले, "हे बघा, झालं ते झालं. रागाच्या भरात काही करू नका."

"राग कशाचा?" बिरूराव आमच्या तोंडाकडं बघत राहिले. "सायबापुढं साक्षीदार म्हून सही म्याच केली की. हिनं बी केली. जेवणं बी आमच्याच वाडीवर झाली. समद्या वाडीला ठावं हाय."

मी विचारलं, "मग आम्हालाच का नाही सांगितलं?"

"पोरगंच म्हणलं, मामा, आमच्या घरी इतक्यात कळू देऊ नका. तिथं नाय चालायचं. म्हून गप ऱ्हायलो. आता पोरगी म्हणली, सासूनं जेवू घातलं. लई बरं वाटलं. येऊ का आत?"

किल्ली ह्यांच्या खिशातच होती. ह्यांना ती सापडेना.