हिच्या उजव्या बाजूला

३ फेब्रुवारी, सकाळ
हिला काल हॉस्पिटलमधून घरी आणलं. पक्षाघाताने उजवी बाजू लुळी, बोलणं जड. फिजिओ बाई म्हणाल्या, व्यायामात घरच्या माणसाने भाग घेतला तर पेशंट लवकर सावरतो. घरचं माणूस म्हणजे मीच! कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी ऑफिसर म्हणून उभा जन्म काढला. वॉचमनच्या तुकड्याच्या तुकड्या सरळ केल्या, तिथे एका बायकोचं काय? संकल्प : महिनाअखेर ही आपल्या पायांनी इमारतीच्या फाटकापर्यंत.
हे बोलून दाखवल्यावर मेव्हणी खोकली. हिची धाकटी बहीण, मदतीला राहायला आलीय. खोकला खरा वाटला नाही.

६ फेब्रुवारी
बाईंनी शिकवलं : कमजोर बाजूला उभं राहायचं, एक हात हिच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्याला, एक पाठीशी. दंड ओढायचा नाही. जमेल तेवढं तिलाच करू द्यायचं. मी मान डोलावली. बाई जिना उतरताच ‘एक-दोन, एक-दोन’ सुरू केलं. हिने डोळे मिटून घेतले. एकाग्रता वाखाणण्यासारखी. पाय मात्र हलला नाही.
उद्यापासून आवाज वाढवणे.

९ फेब्रुवारी
आवाज वाढवला. पाय आणखीच कडक. शेजारचे इलेक्ट्रिशियन विचारायला आले, भांडण झालं का. लोकांना व्यायाम कळत नाही.

१० फेब्रुवारी, संध्याकाळ
घरात काहीतरी शिजतंय. हिच्या चपला पलंगाखाली असायच्या, त्या गॅलरीच्या दाराशी सापडल्या. कुंड्यांना पाणी घातलेलं. मेव्हणीला विचारलं तर म्हणाली, मीच घातलं. मग चपला? त्याही माझ्याच पायात होत्या, म्हणाली. तिचा पाय हिच्यापेक्षा चांगला बोटभर मोठा. गेटवर असे जबाब ऐकून केस पिकले.
वर म्हणते, भाऊजी, तुम्ही दुपारी निवांत पडत जा. मला झोपवण्यात मेव्हणीचा काय फायदा?

११ फेब्रुवारी
दुपारी पाळत ठेवली. संशय येऊ नये म्हणून खरोखर झोपल्यासारखा पडलो. सोंग इतकं हुबेहूब वठलं, की जाग आली तेव्हा चहा होऊन गेला होता.

१३ फेब्रुवारी
बाईंनी हिचा पाय तपासला. खूश. म्हणाल्या, सराव छान चाललाय. मी आभार मानले. पण बोलताना त्या मेव्हणीकडे का बघत होत्या? आणि मेव्हणी खाली का बघत होती? दोघी सामील.

१५ फेब्रुवारी
मेव्हणी बाजारात गेली होती. म्हटलं, आज फाटक गाठायचंच. ही मानेनेच नको म्हणत होती. मी उजवा हात धरून उठवलं. सतरंजीने घात केला. ही खाली बसली, बरोबर मीही. उचलायचं म्हटलं तर मलाच उठता येईना. इलेक्ट्रिशियन धावत आले म्हणून निभावलं.
ही खांदा धरून रडली. माझ्याही डोळ्यांत काहीतरी गेलं. दोन्ही डोळ्यांत एकदम.
बाई येऊन खांदा बघून गेल्या. निखळता निखळता वाचला म्हणे. मी सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली. कारवाई पूर्ण.

१८ फेब्रुवारी
औषधं आणतो सांगून निघालो, जिन्यातून परत फिरलो. दार लोटलेलंच होतं. फटीतून पाहिलं. ही चालत होती! पलंगापासून गॅलरीपर्यंत. मेव्हणी उजवीकडे, हात पट्ट्याला, बाकी गप्प. ही मध्येच थांबली, दम घेतला, पुन्हा निघाली. मेव्हणी हळूच काही बोलली आणि ही हसली. आजारपणानंतर हिचं हसू मी ऐकलंच नव्हतं.
कट सिद्ध. रंगेहाथ पकडायला आत शिरलो. मला बघताच हिचा पाय जागच्या जागी थिजला.
मेव्हणीने कबुली दिली. म्हणाली, ताई तुमच्या आवाजाला घाबरते, भाऊजी. घाबरली की अंग आखडतं. बाईंनीच सांगितलं, दुपारी करा.
मी? घाबरवतो? कुठल्याही वॉचमनला विचारा.
जेवलो नाही. कोणी आग्रहही केला नाही.

२० फेब्रुवारी
बाईंनी बैठक घेतली. हिलाच विचारलं, सराव कुणाबरोबर करायचा? मी ताठ बसलो. ही बराच वेळ शब्द जुळवत होती. मग म्हणाली, “हे... चालतील. आधी... शिकवा... ह्यांना.”
आजारपणानंतरचं हिचं सर्वांत लांब बोलणं. माझ्याविषयी असावं, याचा आनंद मानावा की काय, कळेना.
मग मलाच पेशंट केलं. खुर्चीत बसवलं, उजवा हात सैल सोडायला लावला. बाईंनी मेव्हणीला सांगितलं, भाऊजींना तुम्ही भाऊजींसारखं उठवा. तिने दंड धरून हिसका दिला आणि कानाशी ‘एक-दोन’ ओरडली. मी किंचाळलो. तिघी हसल्या. ही सर्वांत जास्त.

२१ फेब्रुवारी
आज हिच्या उजव्या बाजूला उभा राहिलो. हात पट्ट्याला, तोंड बंद. ही निघाली. अर्ध्यात थांबली. जिभेवर ‘चल’ आलं होतं. हिने नुसतं वळून बघितलं. मी ते गिळलं. ही आपली आपण पुढे गेली, दारापर्यंत.
बाई म्हणाल्या, उत्तम. मी काहीच केलं नव्हतं.
तूर्त सकाळची पाळी मिळाली आहे, उमेदवार म्हणून. कायम करायचं की नाही, ते ही ठरवणार.