दोनाचे सात

आई, मला भीती वाटतेय. तुला जाऊन सहा वर्षं झाली आणि तुला वाचताही येत नव्हतं, तरी लिहितोय. कारण जे केलं ते तुझ्यामुळं केलं असं सारखं मनात येतं, आणि तसं म्हणणं बरोबर नाही हेही कळतं.

मी बारामतीत एका दवाखान्यात कामाला आहे. कानापुढचा जबड्याचा सांधा दुखणाऱ्यांवर तिथं संशोधन चाललंय. माझी बारावी अर्धीच राहिली, पण अक्षर नीट, ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही, म्हणून तिथल्या डॉक्टर मॅडमनी अर्ज भरायला ठेवलं. पेशंटला विचारायचं, शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही, तुमचं किती? मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तुझं मत नको. ते म्हणतील तोच आकडा." चार किंवा त्याहून जास्त असेल त्यालाच उपचारात घेतात. तोंडाचे व्यायाम आणि झोपताना दातांवर बसवायची पट्टी, सगळं फुकट.

तुझं दुखणंही हेच असणार, हे मला इथं आल्यावर कळलं. सणसरच्या आपल्या स्वयंपाकघरात तू सगळ्यांच्या मागून जेवायला बसतेस, भाकरी आमटीत पार लगदा होईपर्यंत ठेवतेस, एक तळवा कानाखाली दाबलेला. तोंड उघडलं की कट्ट आवाज होतो, तो मला चुलीपलीकडून ऐकू येतो आणि मी हसतो. "जरा दुखतंय, तू जेव," म्हणतेस. इंदापूरच्या डॉक्टरांनाही तू जराच म्हणालीस आणि त्यांनी गोळ्या देऊन परत पाठवलं. कडबाकुट्टीच्या यंत्रात बोट सापडलं तेव्हाही जराच म्हणाली होतीस.

पळसदेवची एक बाई आली, तुझ्या वयाची, मासे विकणारी. तोंडात धड दोन बोटं जाईनात. सोबतची जाऊ म्हणाली, "सा म्हैनं झालं, निस्तं आमटीचं पाणी पितीया. इचारलं की म्हणती, काय न्हाय."

"तुझं तोंड उघडतंय नव्हं," बाई म्हणाली, "मग ते तरी मिटून ठेव."

दोघी हसल्या, आणि हसता हसता बाईनं गाल गच्च धरला. मी आकडा विचारला.

"जरा हाय. दोन धरा."

मी सात लिहिलं. खाडाखोड नाही, अक्षर सुरेख. त्यानंतर आणखी आठ जणी जरा म्हणाल्या आणि त्यांचेही आकडे मी वाढवले. दीड महिन्यानं सगळ्यांना परत विचारायचं असतं. तेव्हा मात्र सांगितलं तेच लिहिलं, कारण उपचारात घेऊन झालं होतं, आता खोटं कशाला, असं वाटलं.

सोमवारी मॅडमनी कागद जुळवले. आधी सात, सहा, सात. नंतर दोन, तीन, दोन. उपचार एवढा लागू पडेल असं वाटलं नव्हतं, म्हणाल्या, आणि सगळ्यांना चहा मागवला. मधला फरक माझाच होता. या कागदांवरून उद्या दुसरीकडचे डॉक्टर हाच उपचार देतील, ज्यांना लागू पडणार नाही त्या बायका पट्टी लावून जरा दुखतंय म्हणत राहतील. चार दिवस मी ते अर्ज काढून पुन्हा पुन्हा मोजले.

आज दुपारी सांगून टाकलं. मॅडम ओरडल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. मग म्हणाल्या, "त्या जरा म्हणाल्या, तर जरा म्हणजे किती, एवढं परत विचारायला तुला कुणी अडवलं होतं?" ते अर्ज आता बाद होतील, त्या बायकांचा उपचार थांबेल. माझं काय करायचं ते वरच्यांना विचारून उद्या सांगणार आहेत.

पळसदेवची बाई परवाच पट्टी तपासून घ्यायला येऊन गेली. आकडा विचारला तर पुन्हा दोनच म्हणाली. पण बाहेर बाकावर बसून ती कोरडी भाकरी खात होती. दोन्ही बाजूंनी चावून. मी खिडकीतून बघत होतो.

असे अर्ज किती, म्हणून मॅडमनी विचारलं. मी आठ म्हणालो. नऊ आहेत, आई.